पुष्पाचा ढावलो

पुसदच्या जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीत गुलाबसिंग राठोडचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक बिघडलेला टेप काउंटरवर ठेवून तक्रार सांगायला लागलं की गुलाबसिंग हात वर करायचा. "तुमी थांबा. त्याले बोलू द्या." मग टेप लावायचा, मान तिरपी करून डोळे मिटायचा, आणि आतला एक स्क्रूही न काढता सांगायचा, "हेड घासलं," किंवा "पट्टा ढिला पडला." बहुतेक वेळा तेच निघायचं. आवाजाचं दुखणं त्याला नुसतं ऐकून कळे, अशी त्याची ख्याती होती.

गाण्याकडं मात्र त्याचं लक्ष कधीच नसे. दुरुस्त झालेला टेप वाजवून दाखवताना कोणी म्हणालं, काय सुंदर शब्द आहेत, तर तो विचारी, "घरघर गेली ना?" घरघर गेली की त्याचं काम झालं. आपण आयुष्यभर आवाज ऐकला आणि बोलणं ऐकलं नाही, हे त्याला कळलं तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता.

तो बंजारा तांड्यातला. घरची कपाशीची शेती थोरल्या भावानं सांभाळली आणि हा पुसदला येऊन दुकानदार झाला. लग्नसराईत भोंगे आणि माइक घेऊन तो तांड्यातांड्यावर जाई. नागपुरातला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथला एक चांगला कॅसेट डेक आणि दोन माइक त्याला मिळाले होते. ते तो लग्नाला सोबत नेई आणि बायकांची गाणी भरून घेई. त्यातही ढावलो. लग्न लागून मुलगी सासरी निघते तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. आईच्या, भावाच्या, बहिणीच्या. चाल ठरलेली, बरेचसे शब्दही ठरलेले, पण मधेमधे मुलगी आपल्या मनचं घालते. रडणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते सांगता येत नाही. अशा साठ-बासष्ट कॅसेटी त्यानं भरल्या आणि कडुनिंबाचा पाला घालून लोखंडी पेटीत ठेवल्या. कोणी मागितली तर साध्या टेपवर नक्कल करून द्यायचा. मूळ कॅसेट मात्र कोणाच्या हाती दिली नाही.

त्याची बायको मोतीबाई. दिग्रसकडच्या तांड्यातली. होळीला लेंगीची गाणी सुरू झाली की पहिली ओळ तिनं उचलायची आणि मग बाकीच्यांनी, असा रिवाजच पडून गेला होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. नागपुरात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ती पांढरं फडकं बांधे आणि त्यातून श्वास घेई. बोलायचं असलं की लहान मुलांची ती काळी पाटी घेई, जिच्यावर काडीनं लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. चौथी शिकलेली होती, सावकाश लिहायची. पाटी लहान, त्यामुळे एका वेळी चार-पाच शब्दच मावत.

घरात दोघंच. मुलगा इंद्रजीत पुण्याला नोकरीला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं समोरच्या खोलीत वायफाय बसवून दिलं आणि आईला नवा मोबाइल आणला. तो गेला, आणि घर पुन्हा गप्प झालं. एका दुपारी मोतीबाईनं पाटी गुलाबसिंगच्या पुढं धरली. "पेटीतले गाणे लावा ना."

गुलाबसिंगनं पेटी उघडली. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण डेक त्यानं विकला नव्हता. इंद्रजीतनं पुण्याहून एक छोटा डबा पाठवला, ज्यातून डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये जातो. फोनवर तो म्हणाला, "बाबा, एमपीथ्री करा. छोटी फाइल होते, कुठंही वाजते."

"छोटी कायले? जेवढं कॅसेटमधे हाय तेवढं सगळं पाहिजे."

"कॅसेटमधे एवढं नसतंच बाबा. मोठी फाइल करून कानाले फरक समजणार नाई."

"समजते का नाई ते मी पाह्यतो," गुलाबसिंग म्हणाला.

त्यानं सगळ्यात मोठ्या मापाच्या फाइली केल्या. एका मिनिटाला पस्तीस एमबी. प्रत्येक कॅसेटसाठी डेकच्या हेडचा स्क्रू बारीक पेचकसानं फिरवून, बांगड्यांचा आवाज मोकळा होईपर्यंत तो बसे. फाइली लॅपटॉपमध्ये राहणार आणि वायफायवरून मोतीबाईच्या मोबाइलवर वाजणार, अशी योजना. पहिल्या दिवशी गाणं दोन ओळी चाललं आणि अडखळलं. पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. मोतीबाईनं मागच्या खोलीतून तळहात दाखवला, म्हणजे बंद पडलं.

समोरची खोली आणि मागची खोली यांच्यामध्ये दगडी भिंत होती आणि भिंतीला लोखंडी कपाट. गुलाबसिंगनं कपाट हलवलं. वायफायचा डबा मधल्या देवळीत आणला. लॅपटॉपपासून देवळीपर्यंत वायर ओढली, म्हणजे निदान अर्धी वाट तरी हवेतून जाणार नाही. मोबाइलला बिनवायरचा हेडफोन इंद्रजीतनं दिला होता, तो बाजूला ठेवून त्यानं आपला जुना वायरचा हेडफोन तिला दिला. चौथ्या दिवशी दुपारी गाणं सुरू झालं ते न अडकता शेवटपर्यंत गेलं. मोतीबाई खाटेवर बसून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. गुलाबसिंग दारात उभा राहून बघत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा ती कोणाची तरी साथ करत होती.

रोज एक-दोन कॅसेटी व्हायला लागल्या. डिसेंबरच्या मध्यावर त्याच्या हातात एकोणीसशे नव्वदची कॅसेट आली. मोतीबाईच्या धाकट्या बहिणीच्या, पुष्पाच्या लग्नाची.

पुष्पा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आई-बाप आधीच गेलेले, म्हणून थोरला भाऊ धावजी यानं तिचं लग्न ठरवलं होतं. लग्नानंतर आठ महिन्यांनी सासरहून निरोप आला, विहिरीवर पाय घसरून पुष्पा गेली. तेव्हा कोणी फार विचारलं नाही. आता तिचा नवराही दारूनं मरून बरीच वर्षं झाली होती. कॅसेटची नक्कल घरोघरी होती, पण ती नकलेची नक्कल. त्यात रडण्याचा एक नुसता गोळा ऐकू येई.

मूळ कॅसेट पहिली नक्कल काढल्यावर पुन्हा कधी वाजवलीच गेली नव्हती, त्यामुळे ती कोरी असल्यासारखी होती. गुलाबसिंगनं स्क्रू जुळवला आणि तो खूश झाला. डाव्या कानात पुष्पा, उजव्या कानात मांडव. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, कोणाचं तरी लेकरू खोकत होतं, भांडं पडलं. सातव्या मिनिटाला पुष्पा मोतीबाईच्या गळ्यात पडली. त्या उभ्या होत्या तिथल्याच मांडवाच्या मेढीला माइक बांधलेला होता, दोघींच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. पुष्पाचा आवाज एकदम खाली आला. चाल होती, पण चालीआड ती बोलत होती.

गुलाबसिंगनं मागं नेऊन पुन्हा लावलं. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, हुंदक्यांच्या मधून, ती बहिणीला सांगत होती, "बाई, मले तिथं धाडू नको. सगाईच्या दिवशी त्यानं मले गोठ्यामागं मारलं. कोणाले सांगतलं तं जित्ती ठेवणार नाई म्हणे. भियाले सांग बाई. तू सांग, माह्या तोंडून निघत नाई." आणि लगेच पुन्हा ढावलोचे नेहमीचे शब्द. मग उजव्या कानात लांबून एका पुरुषाचा हसरा, घाईचा आवाज, "रडू द्या रे, पोरी रडतातच. गाडी भरा तुमी."

तो आवाज धावजीचा होता, तिच्या भियाचा, थोरल्या भावाचा.

गुलाबसिंगनं हेडफोन काढला. त्या दिवशी तो स्वतः तिथंच डेकपाशी, कानाला हेडफोन लावून बसलेला होता. डेकवरचा आवाजाचा काटा लाल रेघेच्या वर जात नाही ना, एवढंच तो बघत होता. पोरगी बोलली ते त्याच्या कानावरून गेलं होतं, आणि त्यानं ते चांगल्या प्रतीत भरून पेटीत ठेवून दिलं होतं.

मागच्या खोलीत मोतीबाई दुसरं एक गाणं ऐकत होती. तिला हे ऐकवायचं नाही, असं त्यानं ठरवलं. जिचा आवाज गेला, जी कशीबशी उभी राहतेय, तिच्यावर आता हे कशाला? फाइल त्यानं वेगळ्या जागी ठेवली, यादीत घातली नाही.

आठवडाभरानं पाटी पुढं आली. "पुष्पाचं कुठं हाय?"

"ते कॅसेट खराब झाली," तो म्हणाला. "बुरशी आली."

मोतीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. पेटीत कधी बुरशी येऊ न देणाऱ्या माणसाकडं पाहावं तसं. ती उठली, पेटीपाशी गेली, आणि कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली. लख्ख होती.

मग त्यानं दुसरा मार्ग काढला. इंद्रजीत सांगायचा तशी, अगदी लहानात लहान मापाची फाइल केली. दोन्ही कानांचा आवाज एकात मिसळला, वरचे सूर कापले. सातव्या मिनिटाला रडण्याचा गोळा झाला. ती त्यानं यादीत घातली.

मोतीबाईनं ती पूर्ण ऐकली. हेडफोन काढला आणि लिहिलं, "तुमचं काम असं नसते."

"वायफाय वढत नाई मोती. मोठी फाइल अडकते. म्हणून बारकी केली."

तिनं मोबाइलवर बोट ठेवलं. कालच ऐकलेलं दुसऱ्या एका लग्नाचं पाऊण तासाचं गाणं लावलं. ते न अडकता वाजलं. तिनं त्याच्याकडं बघत ते तसंच वाजू दिलं. गुलाबसिंगला खोटं निभावता येत नसे. तो खाटेच्या कडेवर बसला.

"त्यात काही हाय," तो म्हणाला. "मी आयकलं. तुले त्रास होईन म्हणून..."

मोतीबाईनं पाटी मांडीवर घेतली. लिहून दाखवी, बटण दाबी, पुन्हा लिही.

"मले आयकू आलतं."

"तवाच."

"म्हटलं सगळ्याच पोरी रडून बोलतात."

"ती मेली मंग म्हटलं मले चुकून आयकू आलं."

"चौतीस वर्सं हेच म्हणून राह्यली."

शेवटी तिनं लिहिलं, "आता नीट आयकवा." बटण दाबलं नाही. पाटी तशीच खाटेवर ठेवली.

गुलाबसिंगनं मोठी फाइल यादीत घातली. तिनं हेडफोन लावला. त्याला वाटलं, मोबाइल तिच्या हातात देऊन आपण बाहेर जावं, पण ती त्याचा हात सोडेना. सातवं मिनिट आलं तेव्हा ती रडली नाही. फक्त गळ्याच्या भोकातून येणारा श्वास जोरात वाजायला लागला, फडकं आतबाहेर होत राहिलं. तिनं बोट फिरवून खूण केली, पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, "भियाले बोलवा."

"आता काय फायदा मोती? धावजीभाऊ शहात्तर वर्सांचे झाले. कायले म्हातारपणी त्याइच्या जिवाले घोर?"

"तिनं निरोप देल्ला होता," मोतीबाईनं लिहिलं.

गुलाबसिंगनं धावजीला फोन केला.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात धावजी एसटीनं आला. धोतर, डोक्याला लाल पागोटं, हातात पिशवीभर तुरीच्या शेंगा. बहिणीला भेटावंसं वाटतंय एवढंच त्याला सांगितलं होतं. येताच त्यानं मोतीबाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि तब्येत कशी, खाते का, पिते का, असं सगळं गुलाबसिंगलाच विचारत राहिला. जेवण झालं. मग मोतीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"धावजीभाऊ," गुलाबसिंग म्हणाला, "पुष्पाच्या लग्नातली कॅसेट सापडली. आयका."

त्यानं हेडफोन म्हाताऱ्याच्या पागोट्यावरून नीट बसवला. सुरू झालं तसा धावजीचा चेहरा उजळला. कानात आवाज असल्यामुळे तो मोठ्यानं ओरडला, "पुष्पी हाय हे! आपली पुष्पी!" तो हसत होता, मान डोलावत होता. "बैल पाहा कसे वाजून राह्यले! ते राजा-सर्जाची जोडी व्हय!"

मग सातवं मिनिट आलं. हसू त्याच्या तोंडावर काही वेळ तसंच राहिलं, जसं काही ते काढून ठेवायचं राहून गेलं. मग तो पुढं झुकला.

"काय बोलली ते? पुन्हा लावा, जवाई."

गुलाबसिंगनं पुन्हा लावलं. या वेळी धावजीनं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला. शेवटी मांडवातला तो हसरा आवाज आला, तेव्हा त्यानं डोळे मिटले.

"हा मी व्हय," तो म्हणाला.

बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. धावजीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बहिणीकडं वळला.

"तू काहून नाई सांगतलं मले?"

हाच प्रश्न येणार हे मोतीबाईला चौतीस वर्षं माहीत असावं. तिनं पाटी घेतली, लिहिलं, आणि त्याच्यापुढं धरली. धावजी पाटीकडं पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. मग तिनं पाटी गुलाबसिंगकडं वळवली.

गुलाबसिंगला ते मोठ्यानं वाचावं लागलं. "मी भ्याली," तो म्हणाला.

तिनं बटण दाबून पुन्हा लिहिलं. तो वाचत गेला, तिच्या जागी, तिच्या शब्दांत. "मांडव भरला होता. तुमचं तोंड पाह्यलं. तुमी किती खूश होते. मंग गाडी गेली." थोडं थांबून तिनं आणखी लिहिलं, "राखीले असं धाडलं असतं का?" राखी ही धावजीची नात, त्याच्याच घरी वाढलेली, आता लग्नाला आलेली.

धावजीनं पागोटं काढून शेजारी ठेवलं. त्याचं डोकं इतकं पांढरं आणि लहान असेल, असं गुलाबसिंगला कधी वाटलं नव्हतं.

"सांगतलं असतं तं मी काय केलं असतं, मले मायीत नाई," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? गाड्या भरल्या होत्या. दोन तांड्याची माणसं जमली होती. मी तुलेच दटावलं असतं, असं वाटते." मग म्हणाला, "पर सांगाले पाह्यजे होतं बाई. मले एक डाव नाई म्हणायचा मौका तरी भेटला असता."

मोतीबाईनं मान हलवली. हो म्हणून. ती उठून भावाशेजारी खाली बसली, आणि मग तो रडला. एखादा म्हातारा पुरुष रडतो तसा, आवाज न करता, खांदे हलवून. मोतीबाईचं तोंड उघडं होतं, पण तिच्याकडूनही आवाज येत नव्हता. त्या खोलीत दोन माणसं रडत होती आणि फक्त तिच्या गळ्यातली हवा ऐकू येत होती. गुलाबसिंगनं आयुष्यात खूप आवाज ऐकले होते. हा ऐकताना त्यानं मान तिरपी केली नाही, डोळे मिटले नाहीत. बघत राहिला.

धावजी दोन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पूर्ण ढावलो ऐकला, सुरुवातीपासून. जाताना म्हणाला, "हे पुसू नका. कोणी आलं तं आयकवा. माहा आवाजबी राहू द्या त्यात."

फेब्रुवारीत कळलं, धावजीनं राखीचं एक चांगलं जमीनजुमल्याचं स्थळ परत पाठवलं. तांड्यातल्या माणसांनी कारण विचारलं तर तो एवढंच म्हणे, "पोरगी नाई म्हणते." तांड्याचा प्रमुख, नायक, समजवायला आला, त्यालाही तेच सांगितलं. राखीनं नर्सिंगचा फॉर्म भरला.

गुलाबसिंगचं काम आता फार हळू चालतं. कॅसेट भरून झाली की तो वही घेऊन पुन्हा बसतो आणि मुलगी काय म्हणते ते शब्दानं शब्द उतरवून घेतो. जिथं त्याला कळत नाही तिथं मोतीबाईला बोलावतो. ती दुसरा हेडफोन लावते, ऐकते आणि वहीत दुरुस्ती करते. कधीकधी एका ओळीवर दोघांचं जमत नाही, मग ती पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिते, "नाई." इंद्रजीतनं नवा, जास्त ताकदीचा वायफायचा डबा पाठवला, त्यामुळे आता दोघांच्या मोबाइलवर एकाच वेळी गाणं चालतं.

मार्चपर्यंत सतरा कॅसेटी उतरवून झाल्या. बहुतेक मुलींचे शब्द ठरलेलेच होते. आई, बाप, घरची गाय, दूरची वाट. दोघींचे वेगळे होते. एकीनं भावजयीबद्दल काही सांगितलं होतं. दुसरीनं दोन वेळा एकच वाक्य म्हटलं होतं, मले शाळेत जायाचं हाय. त्यांची नावं कॅसेटच्या पुठ्ठ्यावर होती, गावं नव्हती. त्या दोघी आहेत का, कुठं आहेत, हे मोतीबाईच्या माहेरकडच्या तांड्यांत विचारायला एका रविवारी सकाळी गुलाबसिंग आणि मोतीबाई दिग्रसच्या बसमध्ये बसले. मोतीबाईनं खिडकीची जागा घेतली. पाटी तिच्या पिशवीत होती, आणि बोलायचं काम गुलाबसिंगचं, असं दोघांचं ठरलं होतं.